नॉक सेन्सर बदलूनही पी ०३२७ परत येतोय, आता काय तपासू?

मंडळी, नमस्कार. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर झालेत. मी धनकवडीत राहतो, सासुरवाडी भोरची, त्यामुळे कात्रजचा चढ महिन्यातून दोनदा तरी ठरलेला. जुलैपासून त्या चढावर तिसऱ्या गिअरला पिकअप गायब होतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सपाटीला काही जाणवत नाही, फक्त मायलेज १६ वरून १३ वर आलंय. माझ्या ब्लूटूथ स्कॅनरवर कोड दिसतो पी ०३२७, म्हणजे नॉक सेन्सरचा (इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी खटखट, ओळखणारा) सिग्नल लो.

गॅरेजवाल्यांनी कोड ऐकला आणि थेट सेन्सर बदलायला सांगितला. नाना पेठेतून आणून दिला. चार दिवस दिवा गप्प, पाचव्या दिवशी पुन्हा हजर. आता म्हणतात, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे होतंय. पण इथेनॉलने ऑक्टेन (नॉकिंग रोखायची क्षमता) वाढतो ना? मग नॉकिंग उलट कमी व्हायला हवं. आणि हा कोड नॉकिंगचा नाहीच, सर्किटचा आहे.

शेवटी रविवारी मीच बॉनेट उघडलं. सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) दडलेला, हात घालताना मनगट सोलवटलं. सॉकेटच्या एका पिनेवर हिरवट थर होता, तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढला. मग नव्या सेन्सरच्या पिनांमध्ये ओहम मोजले, तर मीटर ओपन (मध्ये जोडणीच नाही असं) दाखवतो. जुन्याचंही तेच. दोन्ही मेलेले कसे असतील?

प्रतिसाद: मेलेले नसावेत. हा पिझो सेन्सर, कंपनाने स्वतः व्होल्टेज तयार करतो. बऱ्याच गाड्यांत आत रेझिस्टर नसतो, तिथे ओपनच दिसणार. मीटर एसी मिलीव्होल्टवर ठेवा आणि सेन्सरशेजारी ब्लॉकवर पान्याने हलकेच टकटक करा (सेन्सरवर नको!). आकडा हलला तर सेन्सर जिवंत. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेट काढून सिग्नल वायर बॉडीला शॉर्ट आहे का बघा. लो येण्यामागे अनेकदा हेच असतं. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरतात, तेव्हा हार्नेसही (वायरांचा जुडगा) नीट न्याहाळा. आणि सेन्सरचा बोल्ट किती आवळलाय? साधारण २० न्यूटन-मीटर लागतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. खाली वॉशर किंवा गंज नको.

धागाकर्ता: आभार दादा! टकटक केल्यावर दोन्ही सेन्सरांचा आकडा हलतो. म्हणजे जुना उगाच काढला. वायर मात्र बॉडीला अधूनमधून शॉर्ट दाखवते, हार्नेस हलवला की. मॅनिफोल्डच्या ब्रॅकेटपाशी घासलेली दिसतेय. हिच्यावर शिल्ड (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) आहे. जोड देताना शिल्डही जोडायची, की पूर्ण वायरच नवी ओढू?