जुनी टर्बो डिझेल: खंबाटकीत दम सोडते, काटाही वर जातो. टर्बो गेला का गॅस्केट?

धायरीकर_८२
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. २००९ ची सेडान, टर्बो डिझेल, १ लाख ६८ हजार किमी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मागे एकदा टाकलं होतं तर सगळे रिप्लाय "विकून टाक" एवढेच आले.

गेल्या रविवारी साताऱ्याला निघालो, पाच माणसं, डिकी फुल, एसी चालू. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये २२०० आरपीएमच्या पुढे गेलं की बॉनेटखालून सूंऽऽऽ असा आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो ना तस्सा, आणि मागे काळाकुट्ट धूर. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला. ट्रकवाल्याने!! मग इंजिन लाईट लागली आणि गाडी २५०० च्या वर जायलाच तयार नाही. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पाच मिनिटं नीट, परत तेच. वर पोचेपर्यंत टेंपरेचरचा काटा पाऊणच्या वर, म्हणून एसी बंद करून हीटर फुल सोडला, मे महिन्यात. आई अजून बोलत नाहीये माझ्याशी.

तीन मेकॅनिकना दाखवली. पहिला म्हणाला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला, ५५ हजार. दुसरा म्हणाला हेड गॅस्केट (सिलेंडरवरचं सील). तिसरा म्हणाला थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, विषय संपला. कूलंट महिन्याला पाव लिटर कमी होतं हे खरंय, आणि वरून मी सोसायटीच्या बोअरचं पाणी टाकत आलोय (शिव्या घाला). शहरात सिग्नलला उभी असताना काटा हलत नाही. काय करू?

पेठेतला_पाना
टर्बो गेलेला नाही. म्हणजे ९० टक्के. टर्बोचं सील गेलं की धूर निळा येतो आणि ऑईल कमी होतं. तुझा काळा आहे, म्हणजे डिझेल पडतंय पण हवा पोचत नाहीये. ऑईल कमी होतं का ते सांग. आणि ५५ हजार कुणालाही देऊ नकोस आत्ता.

धायरीकर_८२
ऑईल अजिबात नाही, सर्व्हिस टू सर्व्हिस डिपस्टिक जागेवरच.

भोसरी_लेथ
पानाभाऊ बरोबर. थोडं सविस्तर लिहितो, माझ्या गाडीत हेच निस्तरलंय.

एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, एअरफ्लो. तो मोजतो, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर त्या हिशोबाने डिझेल सोडतो. आता टर्बोच्या पुढचा होज फाटला असेल तर मोजलेली हवा इंजिनात न जाता बाहेर फुस्स होते, डिझेल मात्र पूर्ण. म्हणून काळा धूर, म्हणून सूंऽऽ. ईसीयूला प्रेशर कमी दिसलं की तो टर्बोला अजून पळवतो, तरी भरून निघत नाही, मग फॉल्ट कोड टाकून लिंप मोड, म्हणजे ताकद मुद्दाम कमी करणं. बंद-चालू केल्यावर सुटतो तो तोच. कोड बहुतेक पी०२९९ निघेल, अंडरबूस्ट, म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी. पी०२३४ निघाला तर उलटा प्रकार, ओव्हरबूस्ट, तेव्हा टर्बोची व्हेन (आतली हलती पाती) काजळीने जाम आहे का ते बघायचं, होजच्या मागे लागायचं नाही.

ईएलएम ३२७ डोंगल घे, ब्लूटूथवालं, गाडीचे कोड मोबाईलवर दाखवतं. कोड वाचून पुसून टाकू नकोस, लाईव्ह डेटा बघ. सकाळी इंजिन बंद, नुसती किल्ली ऑन करून मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) किती दाखवतोय बघ. पुण्यात तो ९५ केपीएच्या (किलोपास्कल) आसपास पाहिजे. इंटरनेटवर सगळीकडे १०१ लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं, आपण ५६० मीटरवर आहोत. माझ्या एका मित्राने ९५ बघून चांगला सेन्सर बदलला होता, नाव घेत नाही, तो इथेच वाचत असतो 😄 मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये फुल पाय देऊन मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर दोन्ही रेकॉर्ड कर. शेजारी कुणालातरी बसव, गाडी चालवताना मोबाईल बघू नकोस. आणि हा आकडा अॅब्सोल्यूट असतो, बाहेरच्या हवेचं प्रेशर धरून, खरा बूस्ट म्हणजे त्यातून ९५ वजा.

सदाशिव_निवृत्त
थर्मोस्टॅट काढणाऱ्या इसमाकडे पुन्हा जाऊ नये. मी एका कारखान्यात डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर बरीच वर्षे काढली आहेत, त्या अधिकाराने सांगतो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कायम थंड चालते, डिझेल जास्त पिते, काजळी वाढते. शिवाय अनेक इंजिनांत तो बायपासचा मार्गही बंद करतो, तो नसला तर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते, आणि मग घाटात आधीपेक्षा जास्त तापते. काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकून पाणी हळूहळू तापवत बघा, सुमारे ८७-८८ अंशांना उघडू लागला तर तो निर्दोष आहे. दोनशे रुपयांच्या थर्मामीटरचे काम आहे.

दुसरे. काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, ७५ काय आणि १०५ काय, दिसते ९०च. काटा हलला याचा अर्थ पाणी आधीच फार तापले होते.

आदिती_वारजे
काका ऐकायला कडक वाटतात पण १००% बरोबर आहेत.

धायरीकरदादा, दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतायत असं धरून चालू नका. बूस्ट लीकने गाडी जास्त तापते हे खरंय, कारण टर्बो फिरतो जास्त, हवा गरम होते, एक्झॉस्ट तापतो, आणि तेवढ्याच चढाला तुम्ही पाय जास्त दाबता. पण कूलिंग धडधाकट असेल तर ते एवढं सहन करतं. म्हणजे तुमच्याकडे दोन दुखणी आहेत आणि घाटात ती एकदम दिसतात.

सिग्नलला तापत नाही म्हणजे फॅन ठीक असावा. चढावर लोडला तापते म्हणजे रेडिएटरमधून उष्णता पुरेशी बाहेर पडत नाहीये किंवा पाणीच नीट फिरत नाहीये. गॅस्केटची भीती घालवायला फुकट टेस्ट: सकाळी थंडगार इंजिन, वरचा रेडिएटर होज दाबून बघा, स्टार्ट करा, एक-दोन मिनिटांत पुन्हा दाबा. पाणी अजून थंड असताना होज दगडासारखा झाला तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात येतोय. मऊच राहिला तर त्या दुसऱ्या मेकॅनिकला अजून थोडं थांबवा. पक्कं करायचं असेल तर कूलंटच्या टाकीच्या तोंडावर धरायचा निळ्या लिक्विडचा टेस्टर मिळतो, गॅस लागला की रंग बदलतो.

आणि झाकण! टाकीचं झाकण म्हणजे नुसतं बूच नाही, ते प्रेशर धरतं. पुण्यात उघड्यावर साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं, झाकणाने एक-सव्वा बार धरलं की ते १२० च्या घरात जातं. झाकण ढिलं झालं की घाटात पाणी उकळून वाफ होऊन जातं आणि तुम्ही लीक शोधत खाली झोपता. गरम असताना उघडू नका मात्र, हातावर खूण आहे माझ्या.

धायरीकर_८२
धन्यवाद सगळ्यांना. डोंगल आणलं, भाच्याला शेजारी बसवून कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. कोड पी०२९९ निघाला. किल्ली ऑन ९५ (भोसरीदादा __/\__). फुल पायाला मागणी २०५, मिळालं १५८. कूलंट १०९ पर्यंत गेलं तेव्हा काटा नुकता हलला होता. होज मऊ राहिला. बाहेरून सगळे होज बघितले, एकही फाटलेला दिसत नाही?

भोसरी_लेथ
१५८ वजा ९५ म्हणजे ६३. मागतोय ११०. एवढं मोठं भगदाड डोळ्याला दिसायला पाहिजे असं वाटतं, पण होज खालच्या अंगाला चिरलेला असतो आणि प्रेशर आलं की मगच उघडतो, थंड असताना ओठ मिटलेले. हात फिरवून बघ, जिथे तेलकट काळं लागेल तिथेच. पाईपात थोडं ऑईल असतंच, ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी) येतं, हवेबरोबर ते फटीतून बाहेर येऊन धूळ धरतं.

नाहीच सापडलं तर प्रेशर टेस्ट. प्लंबिंगच्या दुकानातून होजच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप, मध्ये भोक पाडून ट्युबलेस टायरचा व्हॉल्व्ह. एअरफ्लो सेन्सर काढून टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये कॅप बसव, क्लँप आवळ. त्याच होजला क्रँककेसचा ब्रीदर येतो तो काढून होजकडचं तोंड बंद कर, हे विसरलास तर सगळं प्रेशर इंजिनच्या पोटात जाऊन सीलवर येईल. मग हळूहळू हवा, १ बारच्या वर नाही, आणि साबणाचं पाणी फवार. कॅपच्या समोर उभा राहू नकोस, सुटली तर गोळीसारखी येते. सायलेन्सरकडून थोडी फुसफुस येणारच, एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो, तिला लीक समजू नकोस. पायपंपाने होत नाही, एवढी हवा पुरत नाही.

पेठेतला_पाना
एवढा व्याप करायच्या आधी टर्बोच्या अॅक्च्युएटरकडे (टर्बोचं प्रेशर कमी-जास्त करतो तो) जाणाऱ्या बारीक व्हॅक्युम नळ्या बघ रे. पावसाळ्याच्या तोंडावर उंदीर बॉनेटखाली येतात, माझ्या एका गिऱ्हाइकाची नळी कुरतडलेली निघाली, ८० रुपयांत काम झालं, त्याला आधी टर्बोचं इस्टिमेट दिलेलं होतं.

धायरीकर_८२
अपडेट! उशिरा देतोय, सॉरी.

व्हॅक्युम नळ्या ठीक होत्या. कॅप बनवून सिंहगड रोडच्या पंक्चरवाल्याकडे गेलो, त्याला वाटलं मी येडा आहे, पण कॉम्प्रेसर दिला. अर्ध्या बारलाच इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) खालच्या होजला क्लँपच्या अगदी कडेला फेस आला, वरून दिसतच नाही ती जागा. काढला तर बोटभर लांब चीर, आतलं रबर तेलाने फुगून पोळीसारखं सुटं झालेलं. नाना पेठेत होज १,९०० ला मिळाला, क्लँप वेगळे. टर्बोचा शाफ्ट उघडाच होता म्हणून हलवून बघितला, बाजूला किंचित हलतो, पुढे-मागे नाही, चाक कुठे घासत नाही.

तापण्याचं वेगळंच निघालं. बंपर काढला तर एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये चिखल, पानं, किडे यांचा गादीसारखा थर, पंधरा वर्षांचा. पुढून बघितलं की सगळं स्वच्छ. साध्या पाइपने मागून पुढे धुतलं, प्रेशर वॉशर वापरला नाही, पत्रे वाकतात. झाकण टेस्टरवर लावलं तर अर्ध्या बारलाच सोडून देत होतं, नवीन घेतलं. आतून फ्लश केल्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा चुना निघाला, काकांसमोर बोलायची सोय नाही. आता डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

काल परत खंबाटकी, तेवढीच माणसं, एसी चालू. मागणी २०५, मिळालं २०१. कूलंट जास्तीत जास्त ९८. सूंऽऽ बंद. आई पुढच्या सीटवर बसली होती, घाट संपल्यावर म्हणाली, "हीटर नाही लावलास का आज?"

सदाशिव_निवृत्त
कूलंटची पातळी थंड इंजिनावर दर आठवड्याला टाकीवर पेनाने खूण करून तपासा. झाकण बदलूनही कमी होत राहिले तर वॉटर पंपाखालचे छोटे भोक ओले आहे का पाहावे. बोअरच्या पाण्याबद्दल मी वाचले आहे. बोलत नाही.

आदिती_वारजे
😂😂 काका!

नवीन_मेंबर_हडपसर
उंदरांसाठी तंबाखूची पानं ठेवतात म्हणे बॉनेटमध्ये, चालतं का? कुणी केलंय का?

पेठेतला_पाना
माझ्याकडच्या उंदरांनी ती पण खाल्ली. वेगळा धागा काढ.