मदत हवी आहे: ग्रीन कार्ड, चोरीची केस आणि दिवाळीची तिकिटं

चिंतातुर: अमेरिकेत ग्रीन कार्डवर असलेल्या बायकोवर दुकानातून सामान स्कॅन न करता नेल्याची केस झालीय. सरकारी वकील डिफर्ड (निकाल लांबणीवर, अटी पाळल्या तर केस डिसमिस) द्यायला तयार आहे. आमचा वकील म्हणतो घेऊन टाका, रेकॉर्ड राहत नाही. सोमवारी तारीख. दिवाळीला भारतात जाता येईल ना? लवकर सांगा.

डॅलसकर: राज्य कुठलं? माल कितीचा? कार्ड कधीचं?

मुक्ताई: घ्या आणि मोकळे व्हा. डिफर्ड म्हणजे शिक्षाच नाही.

डॅलसकर: ताई, टेक्सासात डिफर्डसाठी आधी गिल्टी (गुन्हा कबूल) किंवा नो कॉन्टेस्ट (आरोपाला विरोध नाही) म्हणावं लागतं. त्यावर प्रोबेशन (कोर्टाची देखरेख) लागलं की इमिग्रेशनच्या लेखी ते कन्विक्शन, म्हणजे दोषी ठरणं. नंतर केस डिसमिस होवो की रेकॉर्ड सील, फरक शून्य.

चिंतातुर: टेक्सासच. 780 डॉलर. एच-4 वर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शेवटची एन्ट्री जानेवारी 2023, कार्ड इथेच मिळालं 2024 ला. प्रश्न तिकिटांचा होता.

बाबूराव: घाबरू नका. कमाल शिक्षा एक वर्ष म्हणजे किरकोळ गुन्ह्याची सूट मिळते.

डॅलसकर: ती सूट विमानतळावर परत येताना, तीही पहिलाच गुन्हा आणि सुनावलेली शिक्षा सहा महिन्यांच्या आत असेल तर. देशातून हाकलण्याचं कलम वेगळं. एन्ट्रीपासून पाच वर्षांत मॉरल टर्पिट्यूडचा (चोरीसारखा नीतीला काळिमा लावणारा) गुन्हा घडला आणि त्याला एक वर्ष शिक्षा *होऊ शकत* असेल, तर कन्विक्शनवर माणूस सापडतो, एक दिवसही आत न जाता. टेक्सासात 750 पासून 2500 डॉलरपर्यंतची चोरी क्लास ए गुन्हा, कमाल एक वर्ष. 100 पासून 750 च्या खाली क्लास बी, कमाल 180 दिवस. म्हणजे सगळं 30 डॉलरवर अडलंय! माल सेलमधला असेल तर टॅग नको, बाजारभाव धरायला लावा.

मुक्ताई: मग प्रीट्रायल डायव्हर्जन (खटल्याआधीच अटी पाळून केस मिटवणं) मागा, त्यात प्ली (कोर्टात गिल्टी वगैरे म्हणणं) नसते.

डॅलसकर: हे बरं. पण काही काउंट्या कबुलीजबाबावर सही घेतात. टेक्सासच्याच एका केसमध्ये 2017 ला अशी कबुली आणि कोर्टाची बंधनं मिळून कन्विक्शन धरलं गेलं.

बाबूराव: त्यापेक्षा सिटिझनशिपचा फॉर्म आत्ताच टाका.

डॅलसकर: कोण विचारतंय? केस चालू असताना स्वतःहून फाइल इमिग्रेशनच्या टेबलावर नेऊन ठेवायची? फॉर्ममध्ये अटक लिहावीच लागते, केस डिसमिस झाली तरी.

पुणेरी_पाटी: अवांतर: ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) फॉर्मातही केस विचारतात का?

डॅलसकर: वेगळा धागा काढा. चिंतातुर, सोमवारी प्ली नको, पुढची तारीख मागा. अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या पडिला निकालापासून प्लीचा इमिग्रेशनवरचा परिणाम सांगणं क्रिमिनल वकिलावर बंधनकारक आहे, ते लेखी घ्या. तिकिटं केस संपेपर्यंत बाजूला ठेवा. बाँडच्या (जामिनाच्या) कागदावर प्रवासाची अट आहे का तेही बघा.

चिंतातुर: वकील म्हणतो डायव्हर्जनच्या अर्जातच कबुलीचा रकाना आहे. आता?

डॅलसकर: सही थांबवा. तोच कागद आधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.