इझी रनमध्येच स्प्रिंट घालायचे की स्प्रिंटचा वार वेगळा ठेवायचा?

सड्यावरचा
रत्नागिरीत भाट्याच्या वाळूत सकाळी दोन टोळ्या दिसतात. एक पोलीस भरतीची पोरं, आली की पहिल्या पावलापासून जीव खाऊन पळणार, दमली की बसली मोबाईल घेऊन. दुसरे आम्ही हाफ मॅरेथॉनवाले, रोज तोच मधला स्पीड, धड हळू नाही धड जोरात नाही, आणि वर्षभराने टायमिंग आहे तिथेच. माझं मत सांगतो, पटत नसेल तर हाणा. आठवड्यातलं बहुतेक पळणं गप्पा मारता येतील एवढं हळू हवं, आणि त्यातल्याच एक-दोन दिवशी शेवटाकडे आठ-दहा सेकंदांचे चढाचे स्प्रिंट घालायचे, चालत खाली यायचं, श्वास पूर्ण बसला की पुढचा. चढच का, तर पाऊल कमी आपटतं आणि हॅमस्ट्रिंगवर, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूवर, ताण कमी. हळू पळताना शरीर मुख्यतः स्लो फायबरवर, म्हणजे स्नायूतल्या सावकाश पण चिवट तंतूंवर भागवतं, झटक्याच्या फास्ट फायबरना कामाला लावायला जोरच लागतो, आणि एवढ्याशा वेळात पाय भरूनही येत नाहीत.

वेळनाहीदादा
गप्पा मारत तासभर पळायला वेळ कुणाकडे आहे हो? साडेसातची एसटी पकडायची असते. जपानच्या ताबातांचा 1996 चा प्रयोग बघा, 20 सेकंद जोर, 10 सेकंद आराम, सात-आठ वेळा, चार मिनिटांत खेळ खलास, आणि सहा आठवड्यात दम पण वाढला आणि स्प्रिंटची ताकद पण. कॅनडात गिबालांनी 2006 मध्ये 30 सेकंदांच्या फुल जोराची तुलना दीड-दोन तासांच्या सायकलिंगशी केली, स्नायूंतले बदल जवळपास सारखेच. मग तासभर वाळू कशाला तुडवायची?

सड्यावरचा
दोन्ही प्रयोग सायकलवरचे होते दादा, तिथे पाय जमिनीवर आपटतच नाही. ताबातांचा जोर म्हणजे व्हीओटू मॅक्सच्या, म्हणजे शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरतं त्या जोराच्या, 170 टक्के, ॲप लावून हॉलमध्ये उड्या मारतात तो नव्हे. आणि गिबालांचा प्रयोग दोन आठवड्यांचा, पोरं धडधाकट पण कसलेली ॲथलीट नव्हेत. 21 किलोमीटरला पोटरी आणि टाच टिकवायची तर किलोमीटर घालावेच लागतात.

खालचीआळी
मी भरतीच्या पोरांना पळवतो म्हणून बोलतो, स्प्रिंट शेवटी घालायचं मला अजिबात मान्य नाही. दमलेल्या पायाने मारलेला स्प्रिंट स्प्रिंट नसतोच, नुसता हातवारे. भरतीत 1600 मीटरला 20 मार्क आणि 100 मीटरला 15, म्हणजे खरा स्पीड लागतो, तो ताज्या पायाने वॉर्मअपनंतर लगेच करायचा आणि त्याचा वार वेगळा ठेवायचा. दुसरं म्हणजे इझी रनमध्ये शेवटी स्प्रिंट आहे म्हटलं की पोरं अख्खं पळणंच ओढतात, मग इझी उरतं कुठे?

सड्यावरचा
सर, तुमच्या पोरांना 100 मीटर पळायचंय, आमच्या टोळीला नाही. आम्हाला टॉप स्पीड नकोच आहे, शेवटच्या तीन किलोमीटरला पाऊल घसटू नये एवढंच हवंय. पळणं ओढतात हे मात्र खरं, त्याला औषध एकच, शेजाऱ्याशी बोलत पळा.

मालवणीमाणूस
वाद चालू दे तुमचो. पण मे महिन्यात हंय सकाळी सातांकच अंग भिजता, दमट हवेत घाम सुकणा नाय, हार्ट रेट आपसूक वर. घड्याळ बघून इझी पळूचा म्हटल्यार चालूचाच लागता. तेचा काय करुचा?

दापोलीकरीण
चालायचं की मग! लाज कसली. मी मे महिन्यात चढाला चालतेच. आणि एक, मुरुडला ओहोटीच्या वेळी ओली टणक वाळू मस्त असते पण ती समुद्राकडे उतरती असते, एकाच बाजूने लांब पळाल तर गुडघ्याची बाहेरची बाजू बोंबलते. जाताना-येताना दिशा बदला. मऊ वाळूत फुल स्प्रिंट तर नकोच, घोटा मुरगळतो.

वेळनाहीदादा
ते राहू दे, त्या धावपटू झाटोपेकचं काय? 1952 ला हेलसिंकीत 5000, 10000 आणि मॅरेथॉन, तिन्ही गोल्ड, आणि तो माणूस 400 मीटरचे रिपीटच, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा जोरात, मारायचा ना?

खालचीआळी
मारायचा, पण ढिगाने, आणि मधे जॉगिंग करत. एवढे रिपीट फुल जोरात निघतच नाहीत. त्याचं नाव घेऊन चार मिनिटांत घरी जाता येणार नाही. उलट न्यूझीलंडचा पीटर स्नेल बघा, 800 मीटरवाला, 1960 ला रोममध्ये गोल्ड, आणि त्याचे कोच लिडियार्ड त्याला आठवड्याला 160 किलोमीटरच्या आसपास पळवायचे. बेस, म्हणजे किलोमीटरचा पाया, लागतोच, इथे मी सड्यावरच्यांच्या बाजूने. भांडण फक्त वाराचं आहे.

दापोलीकरीण
वाराचं भांडण नोकरीवाल्यांना परवडत नाही सर. वॉर्मअपनंतर चार स्प्रिंट, मग उरलेलं हळू, असं एकाच दिवशी उलट्या क्रमाने केलं तर?

खालचीआळी
हां, हे चालेल. फक्त स्प्रिंटनंतरचं पळणं खरंच हळू हवं.

सड्यावरचा
मला शेवटीच बरं वाटतं, अंग पूर्ण तापलेलं असतं. थंड पायाने चढावर पोटरी धरलेली बघितलीय मी.

वेळनाहीदादा
आणि पावसाळ्यात जांभ्याच्या घाटीला शेवाळ धरतं तेव्हा हा चढ कुठे मारणार?

सड्यावरचा
डांबरी रस्त्यावर, वाळूचे डंपर सुरू व्हायच्या आत. या रविवारी, एसटी नसते तुम्हाला.