खानापूरच्या रानात खाज आणि फोड: खाजकुयली की आणखी काही?

वडगावचा भटक्या: परवानगी काढून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, हेम्माडगा भागात फिरून आलो. एकाला वाटेतच मानेला आग सुटली. दुसऱ्याच्या हातावर दोन दिवसांनी काळा डाग नि फोड आले. तिसऱ्याच्या कमरेला बारीक लाल ठिपके आहेत. एकाच झाडाचं काम असेल काय?

कारवी: नाही, तिन्ही वेगळी. लगेच आग म्हणजे खाजकुयली. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा वाळतात, सोनेरी-तपकिरी लव वाऱ्यावरही उडते. चोळलं की लव आत रुतते, गडबड तिथंच होते. आधी चिकटपट्टी लावून उपटा, दोनतीनदा, दरवेळी नवी पट्टी. मग साबण-पाणी. कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

काळा डाग बिब्याच्या किंवा हुलगेरीच्या झाडाच्या चिकाचा. बिबा खानापूरच्या पूर्वेकडच्या कोरड्या रानात जास्त, हुलगेरी जांबोटी-कणकुंबीच्या सदाहरित रानात. हुलगेरीच्या सालीवर चिकाचे वाळलेले काळे ओघळ असतात, पानं फांदीच्या टोकाला झुपक्यानं, देठावर दोन बारीक काटेवजा टोकं. चीक तेलकट, नुसत्या पाण्यानं जात नाही. पहिल्या दहापंधरा मिनिटांत साबण लावला तर बरंच वाचतं. ही ॲलर्जी आहे, म्हणून फोड एक-दोन दिवसांनी उठतात, आणि एकाला येतात, शेजारच्याला नाही. फोड फोडू नका. तोंडावर किंवा डोळ्यांजवळ सूज आली तर थेट डॉक्टर.

घाटवाट: कमरेचे ठिपके गोचिडाच्या पिल्लांचे वाटतात. खसखशीएवढी असतात, कपडा घट्ट बसतो तिथं चिकटतात. काखा, गुडघ्यामागं, कानामागंही बघा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचं. रॉकेल, तेल, काडीचा चटका अजिबात नको, त्यानं गोचीड उलट लाळ आत सोडतं. हे हलक्यात घेऊ नका दादा: शेजारच्या सत्तरी-दोडामार्गात माकडताप (गोचीड चावल्यानं होणारा ताप) निघालेला आहे, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. पुढच्या आठवड्याभरात ताप, डोकेदुखी आली तर डॉक्टरना 'रानात गेलो होतो' हे आधी सांगा. नाहीतर साधा ताप म्हणून गोळ्या देतील.

वडगावचा भटक्या: पुढच्या वेळी काय घालावं?

कारवी: लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, गळ्याला रुमाल. फिकट रंग घाला, त्यावर गोचीड दिसतं. पालापाचोळ्यावर बसू नका. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात. आणि कुठंही शेकोटी करताना अनोळखी लाकूड घालू नका, बिब्याच्या धुरानंही तोंड सुजतं.