मदत हवी आहे: पिनबॉलचे दोन्ही फ्लिपर एकदम दाबले की बोर्ड रीसेट होतो (ठाणे)

कळवा_खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

घरी पिनबॉल मशीन बनवतेय (उतरत्या पाटावर येणारा बॉल खाली पडू न देता फ्लिपर, म्हणजे बटणाने उडणाऱ्या दोन बॅट, वापरून वर मारत राहायचा खेळ). जुनं आणून दुरुस्त केलेलं नव्हे, प्लायपासून स्वतःचं. बाबा वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, त्यामुळे लोखंड-लाकूड त्यांच्याकडे आणि वायरिंग-प्रोग्रॅमिंग माझ्याकडे. "म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीतलं खिळ्यांचं बगाटेलच ना?" असं म्हणत ते यात आले. आता रात्री अकराला फ्लिपरचा कोन बदलून बघत बसतात, आणि खालच्या काकू सकाळी मला जिन्यात गाठतात.

माहिती देते, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील. प्लेफील्ड (खेळायचा पाट) २०.२५ बाय ४६ इंच, नव्वदच्या दशकातल्या विल्यम्स-बॅलीच्या मशीनचं नेहमीचं माप. उतार साडेसहा अंश. बॉल स्टीलचा, व्यास एक इंचाहून जेमतेम जास्त, वजन ८० ग्रॅम. आखणी आधी कॉम्प्युटरवर व्हिज्युअल पिनबॉल या सॉफ्टवेअरमध्ये करून खेळून बघितली. सध्या कोऱ्या लाकडावरच चाचण्या चालू आहेत, चित्र-रंग काही नाही. कंट्रोलर बोर्ड ओपन पिनबॉल प्रोजेक्टचा, गेमचं लॉजिक मिशन पिनबॉल फ्रेमवर्क या सॉफ्टवेअरवर. फ्लिपरला बाहेरून मागवलेल्या एफएल-११६२९ कॉइल, पल्स ३० मिलिसेकंद. पॉवरला ४८ व्होल्ट, ७.३ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), आणि त्यातूनच बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) लावून बोर्डाचे ५ व्होल्ट.

एकेक फ्लिपर झकास उडतो. दोन्ही एकदम दाबले की दिवे मिणमिणतात, बोर्ड रीसेट होतो आणि बॉल निवांत मधून खाली जातो. मल्टिबॉलमध्ये (एकाच वेळी अनेक बॉल खेळताना) तर हमखास. त्याच क्षमतेचा दुसरा एसएमपीएस लावून पाहिला, तोच प्रकार. प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड आहे, पट्टीची बाजू प्लसला.

लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार म्हणतो थेट २० अँपिअरचा घ्या. घेऊ का? की कॅपॅसिटरने भागेल? शिवाय स्लिंगशॉट आणि पॉप बंपरच्या (बॉल आपटला की त्याला झटक्याने परत उडवणाऱ्या भागांच्या) कॉइल इथेच गुंडाळून मिळतील का, आणि अंतिम प्लेफील्डला प्लाय कोणता, ठाणे-नवी मुंबईत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने कटिंग) कुठे करून घ्यावं, हेही सांगा.

ओहमकाका

२० अँपिअरचा अजिबात घेऊ नकोस. पिनबॉलला सतत पॉवर लागत नाही, क्षणभर भरपूर लागते. त्या कॉइलच्या पॉवर वाइंडिंगचा रेझिस्टन्स साधारण ४ ओहम. म्हणजे ४८ व्होल्टला १२ अँपिअर, दोन फ्लिपरचे २४. कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, म्हणून ३० मिलिसेकंदांची सरासरी निम्मी धरू, १२. तुझा एसएमपीएस देणार ७. वरचे ५ मिळाले नाहीत की तो ओव्हरलोडमध्ये जाऊन स्वतःला बंद करतो.

५ अँपिअर गुणिले ०.०३ सेकंद, ०.१५ कुलंब. एवढा साठा कॅपॅसिटरने द्यायचा. १०,००० मायक्रोफॅरडला १५ व्होल्टचा खड्डा पडेल, २२,००० ला सातच्या आत. २२,००० लाव, व्होल्टेज रेटिंग १०० चं घे. रिकामा कॅपॅसिटर सुरुवातीला शॉर्टच दिसतो, म्हणून एसएमपीएस आणि त्याच्यामध्ये एनटीसी थर्मिस्टर (सुरुवातीचा करंट रोखणारा) हवा. तिथेच दणकट शॉटकी डायोडही टाक, म्हणजे कॉइलचा झटका उलटा एसएमपीएसमध्ये जाणार नाही.

आणि कॅपॅसिटरवर २.२ किलो-ओहम, निदान २ वॅटचा रेझिस्टर कायमचा असू दे. मशीन बंद केल्यावरही त्यात पंचवीसेक ज्यूल असतात, आणि बाबांचा पाना नेमका तिथेच पडणार. बंद केल्यावर चार-पाच मिनिटं आत हात नको.

रीसेटचं कारण मात्र वेगळं आहे. ५ व्होल्ट त्याच ४८ मधून घेतलेत ना? ४८ पडले की तेही पडतात. ते काढ. बोर्डाला छोटा स्वतंत्र एसएमपीएस दे, दोन्हीचे ग्राउंड एकाच जागी जोड. ४८ ची मुख्य वायर कितीची आहे?

कळवा_खाडीकाठ

काका, अर्धा स्क्वेअर एमएम.

ओहमकाका

बदल. अडीच टाक. बारीक वायरने अर्धं काम तिथेच बिघडतं.

पनवेल_लोकल

मोबाइलवर फुकट खेळता येतं की. एवढा खटाटोप कशाला?

वाइंडिंगवाला

(वरच्यांना नंतर कोणीतरी समजवा.)

ताई, स्लिंगशॉट-बंपरच्या कॉइल इथे आरामात होतात. विल्यम्सच्या साध्या कॉइलच्या नंबरातच कृती दिलेली असते. एई-२३-८०० म्हणजे २३ गेजची तार, ८०० वेढे. घोळ एकच: तो गेज अमेरिकन, आणि आपल्याकडचे मोटर वाइंडिंगवाले एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) बोलतात. अमेरिकन २३ म्हणजे ०.५७ मिमी, इथला २३ म्हणजे ०.६१. जाड तारेचे ८०० वेढे बॉबिनवर मावणार नाहीत आणि रेझिस्टन्सही कमी येईल. इथला २४ मागा, ०.५६ चा. फ्लिपरच्या कॉइल मात्र विकतच्याच राहू द्या. त्यात दोन वाइंडिंग असतात, एक उडवायचं आणि एक बारीक तारेचं, बॅट वर धरून ठेवायचं. हातमशिनवर ते नीट बसत नाही.

कोपरखैरणे_सेक्टर

सीएनसीचं जॉबवर्क रबाळे एमआयडीसी आणि तुर्भ्यात भरपूर मिळतं, वागळेतही आहेच. पण त्यांना किचनच्या शटरची सवय. नुसती डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) देऊन चहाला गेलात तर दिव्यांच्या इन्सर्टची (पाटात बसवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यांची) भोकं आरपार पडलेली मिळतील. इन्सर्टला खाली बारीक कड ठेवून खाच लागते, म्हणून प्रत्येक खोलीचा वेगळा लेयर करा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर एकच इन्सर्ट बसवून बघा. खालच्या बाजूच्या खाचांसाठी प्लाय पालटावा लागतो. त्याआधी दोन डॉवेल पिनची भोकं मारून घेतली नाहीत तर वरचं-खालचं जुळत नाही.

कंपन्या मेपलचा प्लाय वापरतात, साधारण साडेतेरा मिमी. इथे १२ चा बर्च बघा. गर्जन मजबूत असतो, पण रेषा जाड असतात आणि चित्राखाली त्या दिसतात. माझं मत विचाराल तर पावसाळ्याआधी दोन्ही बाजू आणि कडा सील केल्याशिवाय इन्सर्ट चिकटवूच नका. लाकूड फुगलं की इन्सर्ट वर येतो आणि ८० ग्रॅमचा बॉल त्यावर अडखळतो. वरचा थर गाड्यांना मारतात तो टू-के (दोन भाग मिसळून लावायचा) क्लिअर कोट. फर्निचरचं पीयू पॉलिश बॉलच्या माराला टिकत नाही.

कळवा_खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. ५ व्होल्ट वेगळे केले, वायर अडीचची केली. रीसेट पूर्ण थांबला. ऑफिसातला ऑसिलोस्कोप आणून बघितलं तर दोन्ही फ्लिपरला ४८ अजूनही ३१ पर्यंत पडतात, म्हणजे काकांचा कॅपॅसिटर लागणारच. मागवलाय.

तो बसवायचा कुठे? मागच्या उभ्या खोक्यात की खालच्या कॅबिनेटमध्ये? बाबा म्हणतात वर, म्हणजे हात पोचतो.

ओहमकाका

हात पोचतो म्हणूनच वर नको. खाली, कॅबिनेटच्या तळाशी, बंद डब्यात. फ्लिपरही तिथून जवळ, वायर आखूड राहील. आणि पुढच्या दाराला इंटरलॉक स्विच लाव, दार उघडलं की कॉइलचा पुरवठा तुटला पाहिजे. नव्वदच्या दशकातल्या विल्यम्सच्या मशीनमध्ये तो असायचा. फक्त तो कॅपॅसिटरच्या पुढे, कॉइलच्या बाजूला बसव. मागे बसवलास तर दार उघडूनही साठा तसाच कॉइलपर्यंत पोचेल.