जठराचा लिम्फोमा : आधी वय बघायचं की प्रकार?

पाटपाणी :
आत्याला (वय ७१) जठराचा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, निघालाय. बायोप्सीचा सविस्तर रिपोर्ट यायचाय, पण नातेवाइकांचा निकाल लागलाही : ‘या वयात कशाला हाल?’ माझं म्हणणं, वयाआधी प्रकार विचारा. माल्ट प्रकार सावकाश वाढतो. बहुतेकदा त्याच्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, आणि आजार पोटापुरता असेल तर दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सनेच बऱ्याच जणांची गाठ विरते. हे १९९३ पासून माहीत आहे!

तळटीप :
असहमत. डीएलबीसीएल हा वेगाने वाढणारा प्रकार निघाला तर? आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज देणाऱ्या आयपीआय नावाच्या मोजणीत पाच गोष्टी धरतात : वय साठच्या वर, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम, स्टेज, लसिकाग्रंथींबाहेर किती ठिकाणी पसरलाय आणि पेशंट हिंडता-फिरता आहे का. त्यात वय आहेच. त्यावरच्या आर-चॉप या औषधोपचारातलं डॉक्सोरुबिसिन हृदयाला झेपावं लागतं. नातेवाईक लगेच निर्दयी ठरत नाहीत.

पाटपाणी :
हिंडतं-फिरतं असणंही त्याच पाचांत आहे ना? आत्या रोज तीन जिने चढते. आमच्या चाळिशीतल्या भाच्याला दम लागतो.

कोकमसरबत :
आधी निदान वेळेवर होऊ दे! सासऱ्यांचे आठ महिने ‘अ‍ॅसिडिटी’त गेले. मेडिकलवाला पँटोप्राझोल देत राहिला, आम्ही घेत राहिलो. वजन उतरलं तेव्हा कुठे दुर्बीण घातली, आणि निघाला डीएलबीसीएल, तोही पसरलेला. आर-चॉपमधल्या रिटुक्सिमॅब या औषधाची देशी आवृत्ती २००७ मध्ये आली म्हणतात, तरी उपचाराच्या सहा फेऱ्यांत एफडी मोडली. पैसा कुठल्या मोजणीत धरतात?

जुनाजाणता :
पोट काढून टाकलं की प्रश्न मिटला.

तळटीप :
@जुनाजाणता, पूर्वी काढायचे. आता पोट राखूनच उपचार करतात, शस्त्रक्रिया मुख्यतः रक्तस्राव झाला किंवा जठराला भोक पडलं तर.
@कोकमसरबत, पैशाचं मान्य. उशीर मात्र प्रकारावर आहे. माल्टमध्ये आठ महिन्यांनी बहुधा फार बिघडत नाही, डीएलबीसीएलमध्ये बिघडतं.

पाटपाणी :
म्हणजे प्रकारच ना! रिपोर्ट आला : माल्ट, जंतू पॉझिटिव्ह, पोटापुरताच. सोमवारपासून गोळ्या.

तळटीप :
छान. ११ आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल तपासली का विचारा. ती असेल तर अँटिबायोटिक्स सहसा पुरत नाहीत, रेडिएशन लागू शकतं. आणि तीन महिन्यांनी गाठ थोडी दिसली म्हणून घाबरू नका, कधीकधी वर्षही लागतं. वयाबद्दल मत बदललेलं नाही.