मदत हवी आहे: ओट्याखाली टास्मानियन डेव्हिलची पिल्लं, फट बुजवायची का?

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, होबार्ट शहराच्या बाहेर, रानाला लागून राहतो. महिनाभर झाला, रात्री मागच्या लाकडी ओट्याखालून गुरगुर आणि अंगावर काटा येईल अशा किंकाळ्या ऐकू येतात. माझी एक चप्पल आणि वाळत घातलेलं पायपुसणंही गायब झालंय. परवा रात्री दोनला टॉर्च मारला तर समोर छोट्या कुत्र्याएवढा काळाकुट्ट प्राणी! डोकं अंगाच्या मानाने मोठं, छातीवर पांढरा पट्टा, शेपूट बुडाशी जाड. अंगावर एकही ठिपका नव्हता, म्हणजे क्वोल (इथलाच ठिपकेवाला छोटा मांसाहारी प्राणी) नसावा.

काल संध्याकाळी फटीतून दोन इवली तोंडं डोकावली. घरमालक म्हणतात, आई बाहेर गेली की जाळी ठोकून टाकू. मला ते पटत नाही, पण त्यांना काय सांगू? शिवाय आईच्या गालावर जखम दिसली. डेव्हिलांमध्ये पसरलेला तो तोंडाचा कर्करोग तर नसेल ना? आमच्या चार कोंबड्याही आहेत. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, डेव्हिलच आहे. काळ्या क्वोललाही पांढरे ठिपके असतातच.

जाळी आत्ता अजिबात ठोकू देऊ नका. आई पिल्लांना बिळात ठेवून रात्री खाणं शोधायला जाते, आत कोंडली तर ती उपाशी मरतील. एप्रिलच्या सुमारास तांदळाच्या दाण्याएवढी जन्मलेली ही पिल्लं चारेक महिने आईच्या पिशवीत वाढलीत. आईला सड चारच, त्यामुळे वीस-तीस जन्मली तरी जास्तीत जास्त चार जगतात. जानेवारी-फेब्रुवारीत ती आपापल्या वाटेला लागतील. मग फटीसमोर पीठ भुरभुरा, सलग तीन-चार सकाळी पावलं उमटली नाहीत तरच फट बुजवा.

मेलेल्या जनावरावर भांडताना हे एकमेकांच्या तोंडाला चावतात, त्यामुळे गालावर साध्या जखमाही असतात. पण १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसलेला तो कर्करोगही अशाच चाव्यांतून पसरतो, जिवंत कर्कपेशीच एकाच्या तोंडातून दुसऱ्याकडे जातात. टॉर्चच्या उजेडात फरक कळणार नाही. लांबून फोटो काढून 'सेव्ह द टास्मानियन डेव्हिल प्रोग्रॅम'ला पाठवा. माणसाला त्याची लागण होत नाही.

कोंबड्या अंधार पडायच्या आत खुराड्यात घाला, जाळीची कड जमिनीत पुरा. आणि कितीही माया आली तरी डेव्हिलला खायला घालू नका.

धागाकर्ती

खूप आभार दादा. घरमालक फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबायला तयार झाले! आज रात्री फोटोचा प्रयत्न करते. फ्लॅशने पिल्लं बिचकतील का?